तिसऱ्या रांगेतल्या टाळ्या

पुरवणीच्या संपादकांना दुपारच्या गेम शोंवर लेख हवा होता. कुठल्या दशकात दुपारी काय लागत असे, काय बदललं, काय राहिलं. निवृत्त झाल्यापासून अशी कामं अधूनमधून येतात. वृत्तपत्राच्या डेस्कवर मी बरीच वर्षं मनोरंजनाचं पान लावलं, त्यामुळे वाहिन्यांची जुनी वेळापत्रकं डोक्यात राहून गेली आहेत. बोरिवलीला माझ्या घरी टीव्ही आता कोणी लावत नाही. म्हणून काही आठवडे दुपारी मुलुंडला आईकडे जाऊन बसू लागलो. तिच्याकडे अजून केबल आहे आणि जेवण झाल्यावर लावलेला टीव्ही दिवेलागणीपर्यंत चालू असतो. मोतीबिंदूमुळे ती बघते कमी, ऐकते जास्त.

आईची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आहे. बहुतेक बिऱ्हाडं भाड्याच्या जागेत निघून गेली. रिकाम्या घरांच्या दारांवर लाल रंगाच्या फुल्या आहेत. काही घरांच्या खिडक्या चौकटीसकट काढून नेल्या आहेत, त्यामुळे जिन्यात वारा भलत्याच दिशांनी येतो. राहिली होती दोनच घरं. पहिल्या मजल्यावर आई आणि तिच्या बरोबर वर, दुसऱ्या मजल्यावर, एक मुलगी. मुलगी म्हणजे आता पंचेचाळिशी ओलांडलेली, एकटी राहणारी, विमा कंपनीचं काम घरून करणारी. मी तिला फ्रॉकमध्ये पाहिलेलं असल्याने मुलगीच म्हणतो. आईची जायची तयारी कधीच झाली होती. पण वरची पोरगी इमारतीत एकटी राहील म्हणून ती थांबली होती.

पहिल्याच दुपारी एक गोष्ट लक्षात आली. आमच्या टीव्हीवरच्या टाळ्या संपल्या की वर टाळ्या सुरू होत. दोन्हीकडे एकच कार्यक्रम लागलेला असे. खाली केबल, वर डिश. सिग्नल वेगवेगळ्या वाटेने येतो म्हणून वरचा टीव्ही दोन-तीन सेकंद मागे होता. कारण माहीत असूनही उपयोग होत नसे. रिकाम्या जिन्यातून उतरणारा तो आवाज टीव्हीचा वाटत नव्हता. खालच्या प्रेक्षकांचं संपेपर्यंत वरचे प्रेक्षक थांबून राहतात आणि मग सुरू करतात, असं वाटे.

लेखाची टिपणं लवकर झाली. एकच सरकारी वाहिनी होती तेव्हा दुपारी गेम शो नव्हताच. प्रश्नमंजूषा असे, ती संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, शाळकरी मुलांची, आणि प्रश्न विचारणारा तोंडी परीक्षा घ्यायला बसल्यासारखा बसे. दुपार टीव्हीवर आली ती केबलबरोबर. दोन ते चार या वेळात बायका घरी असतात, भांडी घासून झालेली असतात आणि नळाला पाणी यायला अवकाश असतो, हे वाहिन्यांना नव्वदच्या दशकात कळलं. मग भेंड्या आल्या, हौजी आली, डोळ्यांवर पट्टी बांधून वासावरून मसाले ओळखणं आलं. बक्षीस मिक्सर नाहीतर डिनर सेट. सूत्रसंचालक स्पर्धक बाईला ‘आपण’ म्हणे. पुढच्या दशकात कॅमेरा थेट घरात शिरला. प्रश्न राजधान्यांचे राहिले नाहीत. मिस्टरांना कुठली भाजी आवडत नाही, सासूबाई रागावल्या की काय करतात, असे झाले. बक्षीस पैठणी, आणि स्पर्धक ‘वहिनी’ झाली. त्याच्या पुढच्या दशकात दुपार आदल्या रात्रीचे कार्यक्रम पुन्हा दाखवण्यासाठी वापरली गेली. आता एका लहान वाहिनीवर पुन्हा दुपारचा गेम शो आहे. सेट लहान, बक्षीस कुठल्याशा दुकानाचं व्हाउचर, आणि सूत्रसंचालिका आईच्या वयाच्या बाईलाही नुसत्या नावाने हाक मारते.

या सगळ्यांत न बदललेली एकच गोष्ट मला दिसली. टाळ्या. उत्तर बरोबर आलं की प्रेक्षक दिसतात, साधारण तितकाच वेळ, तितक्याच आनंदात. लेखाचा शेवट यावर करावा असं मी लिहून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात वरची मुलगी खाली आली. आई आत चहा टाकत होती.

“दादा, तू जुने गेम शो बघतोयस ना? मावशी म्हणाली.” तिने मोबाइल पुढे केला. टीव्हीच्या पडद्यावरून घेतलेलं एक छोटं चित्रण होतं. आम्ही दुपारी बघत होतो त्याच नव्या कार्यक्रमातलं. प्रेक्षक टाळ्या वाजवताहेत. तिसऱ्या रांगेत हिरव्या साडीतली एक बाई. ती इतरांच्या आधी थांबते, हात तसेच एकमेकांवर ठेवून डावीकडे बघते, आणि दृश्य बदलतं.

“ही आई आहे. तुला दिसतेय ना, की मलाच दिसतेय?”

दिसत होती. वरच्या काकूंना मी ओळखण्यात चूक करणं शक्य नव्हतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा एका दुपारी त्या चक्कीवरून दळण आणते म्हणून गेल्या आणि परतल्या नाहीत. दळलेल्या पिठाचा डबा झाकण लावून चक्कीवर तसाच होता. मुलगी तेव्हा अकरावीत होती, तीच तो घरी घेऊन आली. पोलिसांत तक्रार झाली, इस्पितळं झाली, सावंतवाडीकडचे नातेवाईक झाले. तिचे वडील पुढे कित्येक वर्षं दुपारी दाराची कडी लावू देत नव्हते. ते वारले. घर मात्र काकूंच्या नावावर होतं, अजूनही आहे.

आणि म्हणून इमारत अडली होती. सात वर्षं ज्याची काही खबर नाही, तो माणूस हयात नाही असं कायदा धरून चालतो, पण त्यासाठी घरच्यांना कोर्टात जावं लागतं. वकिलाने अर्ज तयार करून दिला होता. मुलीने फक्त सही करायची होती. सोसायटीच्या कमिटीचे लोक रोज फोन करत होते. ती सही करायला निघाली होती, तेवढ्यात दुपारी टीव्हीवर आई दिसली.

“चेहरा तेव्हाचाच आहे,” मी म्हटलं.

“अरे, मी कुठे म्हणते कालचा आहे? साडी बघ ना. आईच्या साड्या मी अजून ठेवल्यात. दर दिवाळीच्या आधी उन्हात टाकते. ही त्यात नाही. हिरवं ती नेसतच नव्हती. म्हणजे ही इथून गेल्यावर घेतली.”

“आपल्या इथल्या बायका गेल्या होत्या ना एकदा शूटिंगला?”

“तेव्हा ती पिवळी नेसून गेली. मी स्वतः पदराला पिन लावून दिली, आणि पिवळीतच आली संध्याकाळी. तो दिवस नाही हा. हा नंतरचा आहे, दादा. गेल्यावर ती कुठेतरी होती. साड्या घेत होती, टाळ्या वाजवत होती यार. आणि मी तिच्या नावापुढे कैलासवासी लिहू?”

आत कपांचा आवाज झाला. तिने मोबाइल बंद केला.

“मावशीला नको सांगूस. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या होत्या. बीपी वाढवून घेईल. तू फक्त एवढं काढ, हे शूटिंग कधीचं. तुला कळतं ना त्यातलं.”

कळत होतं. सेटचे रंग, दिव्यांची पद्धत, सूत्रसंचालकाच्या हातातला माइक, प्रेक्षकांची केशरचना, एवढ्यावरून मी साधारण काळ सांगू शकतो. हौशी लोकांनी जुन्या कॅसेटींवरून इंटरनेटवर चढवलेले भाग मी शोधून काढले आणि एकापुढे एक लावून बघत गेलो. काकू दुसऱ्याच दिवशी सापडल्या. पैठणीच्या काळातल्या एका कार्यक्रमात, तिसऱ्या रांगेत, हिरव्या साडीत. टाळ्या, थांबणं, डावीकडे बघणं. मग त्याच्या आधीच्या मसाले ओळखण्याच्या खेळात. मग मधल्या काळातल्या एका भेंड्यांच्या कार्यक्रमात. सूत्रसंचालक बदलत गेले, बक्षिसं बदलत गेली, मिक्सर जिंकणाऱ्या बाईसाठीही त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि व्हाउचर जिंकणाऱ्या बाईसाठीही. प्रत्येक वेळी त्या तितक्याच लवकर थांबत होत्या.

दृश्य एकच होतं, हे उघड होतं. नव्या कार्यक्रमात बसवण्यासाठी ते वरून आणि खालून कापलेलं होतं, त्यामुळे मागच्या रांगेतल्या बायकांना कपाळं नव्हती. पण ते पहिल्यांदा कधी वापरलं गेलं, हा प्रश्न होता. इमारतीतल्या बायका गेल्या होत्या तो कार्यक्रम कुठेच मिळाला नाही. मिळालेल्यांत सर्वांत जुना मसाल्यांचा. तो सुरू झाला त्या सुमाराचं पान मीच लावलं होतं, आणि तेव्हा काकूंना जाऊन दिवाळी उलटलेली होती. म्हणजे पुरावा मुलीच्या बाजूने होता. तिला तसं सांगायचं ठरवून मी मुलुंडला गेलो.

ती वर कामाच्या कॉलवर होती. मी टेबलावर लॅपटॉप उघडून तेच दृश्य थांबवून बसलो. आई चहा घेऊन कधी मागे आली ते कळलं नाही. ती वाकली, नाक पडद्याला लागेल इतकी जवळ गेली आणि साडीच्या काठावरून फिरवावं तसं तिने पडद्यावर बोट फिरवलं.

“ही साडी माझी.”

मी मागे वळून पाहिलं.

“जांभळ्या काठाची नारायणपेठ. कपाटात आहे वरच्या फळीवर. आणि इथे नेसलीय ही.” तिने चहा खाली ठेवला. “कुठे सापडली तुला?”

तिला सगळं सांगणं भाग पडलं. तिचं बीपी वाढलं नाही. ती खुर्ची ओढून बसली आणि दारात भाजीवाल्याशी बोलावं तशी बोलली.

“अरे, एका दिवसात तीन-तीन भाग काढायचे ते. आणि टीव्हीवर वेगवेगळे दिवस वाटले पाहिजेत. तिथला शूटिंगवाला मधल्या वेळात ओरडायला लागला, चला, साड्या बदला. आता आम्ही मुलुंडहून अंधेरीला जाताना काय बोचकी घेऊन गेलेलो? मग एकमेकींच्या नेसलो. तिची पिवळी मी, माझी हिरवी ती. ब्लाउजाचं काय, पदर घेतला गळ्याभोवती, झालं. निघताना परत आपापल्या नेसून बसमध्ये बसलो.”

“घरी कोणी बोललं नाही हे?”

“यात बोलायचं काय? सगळ्याच नेसलेल्या. उलट टीव्हीवर लागलं तेव्हा तंगडतोड करून गेलेलो त्यातली एकही दिसली नाही, म्हणून चिडलो होतो.”

मी तिला दृश्य चालू करून दाखवलं. टाळ्यांचा आवाज नव्हता, तो मी बंद केला होता.

“हे शेवटचं,” आई म्हणाली. “खेळणाऱ्या बायका निघून गेल्या, तो सूत्रसंचालकही गेला. आम्हाला मात्र बसवून ठेवलं. नुसत्या टाळ्या काढून ठेवायच्या होत्या त्यांना. स्टेजवर कोणी नाही. दिवे आमच्यावर, पुढे सगळा अंधार. आणि तो शूटिंगवाला अंधारातून सांगायचा, आता हसा. आता वाईट वाटलं. आता कोणीतरी जिंकलं. पहिल्यांदा आम्हाला इतकं हसू आलं. मग येईना.”

“डावीकडे काय होतं? ती बघते बघ.”

“काही नाही. काळा पडदा, खालपर्यंत. मी कोपर मारलं तिला, काय बघतेस गो? तर म्हणाली, काही नाही, वाटलं कोणीतरी आलं.”

वाहिनीत जुन्या ओळखीचा एक माणूस आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, या कार्यक्रमाला प्रेक्षकच नसतात. छोटा सेट आहे, बायका बसवणार कुठे? निर्मात्याकडे जुन्या टाळ्यांचा साठा आहे, त्यातून घालतात. कुठल्या वर्षीच्या, कुठल्या कार्यक्रमाच्या, हे त्यालाही माहीत नव्हतं. मी दुपारभर जे प्रेक्षक बघत होतो, त्यांतले किती आज आहेत हे कोणी सांगू शकणार नव्हतं.

“आता नव्या काढणार आहोत,” तो म्हणाला. “जुन्या फार धुरकट दिसतात. एक दिवस शूट केलं की पुढे बरीच वर्षं पुरतात. तुमच्याकडच्या बायका मिळतील का?”

संध्याकाळी आई आणि मी वर गेलो. वाहिनीतल्या फोनचं, नव्या टाळ्यांचं मी सांगितलं, पण पुढे आईने मला थांबवलं आणि साडीचं तिने सांगितलं. मुलगी ऐकत राहिली. मागे तिचा टीव्ही चालू होता.

“पिन,” ती शेवटी म्हणाली. “संध्याकाळी पिन दुसऱ्या बाजूला होती. मी विचारलं होतं. ती म्हणाली, निघाली, परत लावली.”

“मीच लावली बसमध्ये. घाईत उलटी लागली.”

“म्हणजे दळणाला गेली त्याच्या पुढचं तिचं काहीच नाही.”

“नाही गो,” आई म्हणाली.

मुलगी उठली, तिने कपाटातून वकिलाचा अर्ज काढून टेबलावर ठेवला, त्याच्यावर पाण्याचा पेला ठेवला. सही तिने आमच्यासमोर केली नाही. आम्ही दारापर्यंत पोचल्यावर तिने विचारलं, “मावशी, ती साडी देशील?”

“तूच घे. मी काय आता नारायणपेठ नेसणार?”

“आणि दादा, ते नव्या टाळ्यांचं म्हणालास ना? बायका हव्यात म्हणून?”

बायका आईने जमवल्या. ज्या ठाण्याला, कळव्याला, भांडुपला भाड्याने गेल्या होत्या त्यांना तिने फोनवर फोन केले. “येतेस की नाही ते सांग, आजारपणं नंतर सांग,” असं एकीला म्हणाल्याचं मी ऐकलं. त्या आल्या. या वेळी प्रत्येकीने पिशवीत दुसरी साडी आणली होती. अर्ज त्याच आठवड्यात वकिलाकडे गेला होता.

स्टुडिओ अंधेरीलाच होता, पण दुसरा. मी कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिलो. मुलीने हिरवी साडी घरूनच नेसली होती आणि कोणी सांगायच्या आत ती तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. समोर रिकामा चौथरा. अंधारातून एक तरुण आवाज सूचना देत होता. आता हसा. आता वाईट वाटलं. आता कोणीतरी जिंकलं. बायका पहिल्यांदा हसल्या, मग हसू ओसरलं आणि नुसते हात वाजत राहिले. मुलगी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. तिने काय केलं ते मी नीट पाहिलं, कारण मला तेच बघायचं होतं. ती इतरांच्या आधी थांबली आणि तिने डावीकडे बघितलं. डावीकडे पडदाही नव्हता. पांढरी भिंत होती.

तिने मुद्दाम केलं का, हे मी विचारलं नाही. लेख छापून आला. त्यात यातलं काही नव्हतं. टाळ्या कुठल्याच दशकात बदलल्या नाहीत, एवढं वाक्य होतं.

कोर्टाची तारीख पडली आहे. तोपर्यंत इमारत उभी आहे. मी अजूनही कधी कधी दुपारी मुलुंडला जातो. मुलगी हल्ली त्या वेळी खाली येऊन बसते, मांडीवर लॅपटॉप, कान टीव्हीकडे. नव्या टाळ्या वापरात आल्या आहेत, पण जुन्या त्यांनी काढून टाकलेल्या नाहीत. दोन्ही मिसळून येतात. परवा एका बाईने व्हाउचर जिंकलं आणि तिसऱ्या रांगेतली हिरवी साडी दिसली. क्षणभरच.

“ही तू की ती?” आईने विचारलं.

मुलीने मान वर केली तोवर दृश्य गेलं होतं. “कळलं नाही. पुढच्या वेळी सांगते.”

मलाही कळलं नव्हतं.

इथल्या टाळ्या संपल्या. मग वर सुरू झाल्या, त्याच, दोन-तीन सेकंदांनी मागे, दार बंद असलेल्या घरात.

“वर टीव्ही चालू ठेवून आलीस?” आई म्हणाली. “बंद करून यायचं गो. वीज फुकट जाते.”

“असू दे,” मुलगी म्हणाली. “घरात लागलेला बरा.”

वरच्या टाळ्या संपेपर्यंत आम्ही तिघंही ऐकत राहिलो.